चषक न मिळालेला विजेता

रायगड जिल्ह्यात वाढलेल्या मुलाने बैलगाड्यांची शर्यत पाहिली नाही, असे सहसा होत नाही. पनवेलजवळच्या करंजाड्यात आज जेथे उंच इमारती दिसतात, तेथे एके काळी भाताची खाचरे होती. शर्यतीचा बैल बाळगणारा शेतकरी त्याला पोटच्या पोराप्रमाणे जपतो. स्वतःच्या भाकरीवर कोरड्यास नसले तरी चालेल, पण बैलाची पेंड चुकता कामा नये, अशी त्याची रीत असते. शर्यतीच्या दिवशी गाड्या सुटतात, धुळीचे लोट उठतात, माणसे बेभान होऊन ओरडतात. आणि निशाणापाशी पहिल्या आलेल्या गाडीवर गुलाल उधळला जातो.

आता अशी कल्पना करा, की एका गाडीवानाने सर्वांच्या आधी निशाण गाठले. परंतु पंचांनी गुलाल मात्र त्याच्या मागून आलेल्यावर उधळला. विचारावयास गेल्यावर पंच कागद चाळत बसले. लोक घरोघर निघून गेले, वाजंत्री थांबली, मैदान ओस पडले, आणि मग कोणीतरी हळूच येऊन त्याला सांगितले, की पहिला तूच आला होतास. त्या गाडीवानास काय वाटले असेल?

अमेरिकेतील एका माणसावर असा प्रसंग १९६३ साली खरोखरच आला. त्याच्या गाडीला बैल नव्हते, इंजिन होते. त्याचे नाव वेन्डेल स्कॉट.

वेन्डेल ऑलिव्हर स्कॉट याचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल या शहरी झाला. कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या आणि तंबाखूच्या वखारी यांवर हे शहर पोसले जात होते. वेन्डेलचे घराणे कृष्णवर्णीयांचे होते. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तोवर अर्धशतक उलटले होते. तथापि दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीतील डबे वेगळे, उपाहारगृहे वेगळी, इतकेच नव्हे तर पाणी पिण्याचे नळही वेगळे होते. आपल्याकडे जे पाणवठ्यावर घडत असे, तेच तेथे नळावर घडे.

वेन्डेलचे वडील दोन धनिक गोऱ्या कुटुंबांच्या मोटारी चालवीत आणि त्यांची दुरुस्तीही करीत. मोटार त्या काळी नवलाची वस्तू होती. तिच्या पोटातील यंत्रे कशी उघडावी, कोणता आवाज कोणत्या दुखण्याचा, हे त्या मुलाने वडिलांजवळ उभे राहून लहानपणीच जाणून घेतले. वेगाची आवडही त्याला उपजतच होती. सायकल मिळताच तो गोऱ्या मुलांशी शर्यती लावू लागला. डॅनव्हिलमधील गरीब माणसापुढे बहुधा दोनच वाटा असत : गिरणी किंवा वखार. सकाळी भोंगा वाजला की आत जावे, मुकादमाच्या धाकाखाली दिवस काढावा. वेन्डेलने मनाशी ठरविले, की कोणाच्या हाताखाली राबावयाचे नाही. पोट भरावयाचे ते स्वतःच्या कसबावर. शाळा त्याने मध्येच सोडली आणि तो टॅक्सी चालवू लागला.

१९४३ साली मेरी कोल्स या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना सात अपत्ये झाली. दुसरे महायुद्ध चालू होते. स्कॉट सैन्यात दाखल झाले आणि युरोपात गेले. सैन्यातही काळ्यांची पथके वेगळी होती. युद्ध संपल्यावर गावी परतून त्यांनी मोटारदुरुस्तीचे दुकान थाटले.

यानंतरचा भाग थोडा अडचणीचा आहे. चरित्र लिहिताना तो वगळता आला असता. पण तो वगळला तर स्कॉट यांना मोटार इतक्या सफाईने चालविता कशी येऊ लागली, हे कळणार नाही. डोंगरातील गुप्त भट्ट्यांमध्ये कर चुकवून गाळलेली दारू रातोरात शहरात पोहोचविण्याचा धंदा त्या भागात जोरात चाले. दुकानाच्या मिळकतीत भागेना, म्हणून स्कॉट त्या धंद्यात शिरले. मोटारीचे इंजिन सुधारावयाचे, दिवे मालवून वळणावळणाच्या रस्त्याने भरधाव निघावयाचे आणि पोलिसांच्या गाडीस मागे टाकावयाचे, असा हा जिवावरचा खेळ होता. दक्षिणेतील कित्येक नामांकित स्पर्धक याच अंधाऱ्या रस्त्यांवर तयार झाले, ही गोष्ट खरी. १९४९ साली स्कॉट पकडले गेले. न्यायालयाने त्यांना तुरुंगात न धाडता तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची अट घातली.

गंमत अशी, की पोलिसांची हीच ओळख पुढे त्यांच्या उपयोगी पडली! ती कशी, हे सांगण्यापूर्वी त्या वेळच्या शर्यतींविषयी थोडे सांगितले पाहिजे.

स्टॉक कार म्हणजे दुकानात कोणाही गिऱ्हाइकास विकत मिळणारी साधी मोटारगाडी. युरोपात शर्यतीसाठी निराळ्या बांधणीच्या, पुष्कळ किमतीच्या गाड्या धावत. अमेरिकेच्या दक्षिण भागात तसे नव्हते. गावचा लोहार, मोटारदुरुस्ती करणारा कारागीर किंवा एखादा शेतकरी जुनी गाडी विकत घेई, तिचे इंजिन खोलून त्यातून अधिक शक्ती काढी, दारे घट्ट बांधून टाकी आणि पाठीवर आकडा रंगवून शनिवारी रात्री शर्यतीला उतरे. धावपट्टी लांबट वर्तुळाकार असे. पुष्कळ ठिकाणी ती डांबराची नसून नुसत्या मातीची असे. गाड्या सतत डावीकडे वळत फेऱ्या मारीत. मागच्यास पुढच्याच्या धुळीवाचून काही दिसत नसे. लाकडी बाकांवर बायकामुले शिदोऱ्या सोडून बसत आणि गर्दीच्या आरोळ्यांत इंजिनांचा आवाजही बुडून जाई. १९४८ साली या शर्यतींचे नियमन करण्यासाठी नॅस्कार नावाची संस्था स्थापन झाली आणि हळूहळू विस्कळीत शर्यतींना शिस्त आली. आज त्या संस्थेच्या शर्यतींत धावणाऱ्या गाड्या नावापुरत्याच दुकानातील राहिल्या आहेत. त्या मुद्दाम शर्यतीसाठीच बांधल्या जातात. घराच्या अंगणात गाडी तयार करून ती बड्या कंपन्यांच्या गाड्यांशेजारी उभी करण्याचे ते दिवस सरले.

१९५२ साली डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर एका लहान मंडळाच्या शर्यती भरत. प्रेक्षक बेताचेच येत. गर्दी कशी वाढवावी, या विचारात असलेल्या चालकांना एक युक्ती सुचली : एखादा काळा मनुष्य गोऱ्यांबरोबर धावविला, तर लोक कुतूहलाने येतील. पण असा मनुष्य आणावा कोठून? त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली, आणि पोलिसांनी अर्थातच स्कॉट यांचे नाव सांगितले. त्यांच्या गाडीचा पाठलाग करून जे दमले होते, त्यांच्याइतका चांगला परीक्षक दुसरा कोण असणार?

२३ मे १९५२ रोजी स्कॉट प्रथम शर्यतीत उतरले. त्यांना आणण्यात चालकांचा हेतू तमाशा करण्याचा होता. प्रेक्षकांतील काहींनी त्यांची हुर्यो उडविली. परंतु धावपट्टीवर उतरताच स्कॉट यांना आपल्या आयुष्याचे काम सापडले. दुसऱ्याच दिवशी ते आपली गाडी ओढून नेत उत्तर कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम येथे नॅस्कारच्या शर्यतीला गेले. काळ्या माणसास प्रवेश नाही, असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. आणखी एका ठिकाणीही तोच अनुभव आला. गाडी चालेल, पण ती चालवावयास गोरा मनुष्य आणावा, असे तेथे सुचविण्यात आले. परतीच्या वाटेवर त्या धीराच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले. मग काही दिवस त्यांनी लहान मंडळांच्या शर्यतींतच भाग घेतला, आणि पहिल्या शर्यतीनंतर पंधरवडा उलटण्यापूर्वीच लिंचबर्ग येथे आपली पहिली शर्यत जिंकली.

पुढे दोनएक वर्षांत रिचमंड येथील एका अधिकाऱ्याने त्यांना नॅस्कारचा परवाना दिला. वरिष्ठांना विचारीत बसला असता, तर तो कदाचित मिळालाही नसता. वाट खडतर आहे, एवढे मात्र त्याने स्कॉट यांना बजावून सांगितले. ते अक्षरशः खरे ठरले. काही ठिकाणी इतरांना मिळणारा पेट्रोलचा खर्च त्यांना नाकारला जाई. कोणी मुद्दाम आपली गाडी त्यांच्या गाडीवर आदळी. इतर स्पर्धक अशा वेळी धक्क्यास धक्का देत. स्कॉट तसे करीत नसत. काळ्या माणसाने गोऱ्यावर गाडी घातली, एवढे निमित्त झाले असते तर बाकांवरील गर्दी मैदानात उतरली असती, हे ते ओळखून होते. त्यामुळे धक्का सोसावयाचा, गाडी सावरावयाची आणि पुढच्या वळणावर त्या माणसाच्या पुढे निघून जावयाचे, हेच त्यांचे उत्तर असे. पाहता पाहता प्रेक्षकांत त्यांचे चाहते निर्माण झाले. त्यांत गोरेही पुष्कळ होते. काही गोरे स्पर्धकही त्यांचे मित्र बनले. हे सांगणे अगत्याचे आहे. नाहीतर सगळेच गोरे वाईट होते, असा ग्रह व्हावयाचा.

१९५९ साली स्कॉट यांनी स्टॉक कार शर्यतींच्या एका वर्गात व्हर्जिनिया राज्याचे अजिंक्यपद मिळविले. १९६१ साली ते नॅस्कारच्या सर्वांत वरच्या श्रेणीत धावू लागले. येथे त्यांची गाठ मातब्बर स्पर्धकांशी होती. मोटारींचे मोठे कारखाने आपल्या आवडत्या स्पर्धकांना नव्या गाड्या, नवी इंजिने आणि कसलेले कारागीर पुरवीत. स्कॉट यांच्या पाठीशी असा एकही कारखाना उभा राहिला नाही. इतरांनी वापरून टाकलेल्या गाड्या ते विकत घेत, इतरांनी काढून टाकलेली टायरे वापरीत. गाडी बांधणारे तेच, दुरुस्त करणारे तेच आणि चालविणारेही तेच. हाताखाली त्यांची मुले असत. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवून ही मुले पाने-पकडी घेऊन बापाबरोबर गाडीखाली शिरत. शर्यतीला सारे कुटुंब निघे. परंतु वाटेत अनेक उपाहारगृहांत त्यांना बसू देत नसत, निवासगृहांत खोली मिळत नसे. मग मेरीबाईंनी बांधून आणलेले अन्न गाडीतच खावयाचे आणि रात्रही गाडीतच काढावयाची. स्कॉट यांच्या गाडीचा आकडा होता ३४. इंजिन फुटेल या धास्तीने ते कित्येकदा ते पुरते ताणीतही नसत. कारण ते फुटले तर दुसरे आणावयास पैसा नव्हता. शर्यत पुरी करावी, मिळेल ते बक्षीस घ्यावे आणि त्या पैशांवर पुढील शर्यतीची तयारी करावी, असा हा संसार होता.

१९६३ हे साल अमेरिकेच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. समान हक्कांसाठी काळ्या लोकांनी देशभर चळवळ उभारली होती. स्कॉट यांच्या डॅनव्हिल शहरातच १० जून रोजी निःशस्त्र निदर्शकांवर पोलिसांनी पाण्याचे जोरदार फवारे सोडले आणि लाठ्या चालविल्या. ऑगस्टमध्ये राजधानी वॉशिंग्टन येथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह लाखो लोक एकत्र जमले. त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे नॅस्कारची शर्यत होती.

धावपट्टी अर्ध्या मैलाची आणि मातीची. फेऱ्या २००. जमीन खडबडीत होऊन तिला खळगे पडले होते आणि चांगल्या चांगल्या गाड्या मोडून बाहेर पडत होत्या. स्कॉट यांची जुनी शेव्हरोलेट मात्र शाबूत होती. रिचर्ड पेटी हा तरुण स्पर्धक आघाडीवर होता. पुढे तो त्या खेळातील सर्वांत यशस्वी पुरुष ठरावयाचा होता. पण त्याच्या गाडीत बिघाड झाला आणि शर्यतीच्या सुमारे पंचवीस फेऱ्या उरल्या असताना स्कॉट त्याच्या पुढे गेले. मग त्यांना कोणी गाठू शकले नाही. त्यांची दोनशेवी फेरी पुरी झाली. शर्यत संपल्याचे चौकटीचे निशाण आता पडणार, म्हणून त्यांनी पाहिले. परंतु निशाण पडले नाही. त्यांनी आणखी एक फेरी घेतली, आणखी एक घेतली. अखेर निशाण पडले ते बक बेकर या दुसऱ्या स्पर्धकासाठी. बेकर यालाच विजेता म्हणून जाहीर करण्यात आले. चषक त्याच्या हाती देण्यात आला, टाळ्या झाल्या, छायाचित्रे घेतली गेली. वास्तविक तो स्कॉट यांच्या दोन फेऱ्या मागे होता.

स्कॉट यांनी लागलीच तक्रार नोंदविली. फेऱ्यांची मोजदाद पुन्हा सुरू झाली. काही तास लोटले. प्रेक्षक गेले, दिवेलागण होऊन गेली. शेवटी पंचांनी मान्य केले, की मोजण्यात चूक झाली आणि विजेता स्कॉटच. बक्षिसाचे १,००० डॉलर त्यांना मिळाले. चषक मात्र मिळाला नाही; तो केव्हाच मैदानातून गेला होता. महिनाभराने त्यांच्या हाती लाकडाचे एक साधेसे चिन्ह देण्यात आले. त्यावर त्यांचे नावदेखील नव्हते.

फेऱ्या मोजण्यात चुका त्या काळी होत असत, हे खरे आहे. हातात पाटी-पेन्सिल घेऊन मोजणाऱ्यांची धुळीत गफलत होणे अशक्य नाही. परंतु स्कॉट यांच्या कुटुंबाने ही गफलत कधीच मानली नाही. विजेत्याच्या गळ्यात हार घालून त्याचे अभिनंदन करण्यासाठी एक गोरी युवती उभी असे. भरल्या मैदानात तिने एका काळ्या माणसाचे कौतुक करावे, हे चालकांना नको होते, असे त्यांचे म्हणणे. पूर्वी एकदा नॅस्कारच्या प्रमुखाने स्वतः स्कॉट यांना समान वागणुकीचे वचन दिले होते. ते वचन त्या दिवशी धुळीत मिळाले, असेच प्रस्तुत लेखकास वाटते.

स्कॉट पुढच्या शर्यतीला गेले. त्यांनी खेळ सोडला नाही, की हाती काठी घेऊन कोणाच्या अंगावर धावून गेले नाहीत. त्यांना रात्रीतून इंजिन जोडावयाचे होते. १९६६ साली वर्षभराच्या एकूण गुणांत त्यांचा सहावा क्रमांक लागला. अंगणात गाडी बांधणाऱ्या माणसाने कारखान्यांच्या पोष्यांत सहावे यावे, ही मोठीच करामत होती. त्यानंतरची तीन वर्षेही ते पहिल्या दहांत राहिले. पण पहिला क्रमांक पुन्हा काही त्यांच्या वाट्यास आला नाही.

वय वाढले, तशी गाड्यांची किंमतही वाढत गेली. १९७३ साली कर्ज काढून त्यांनी एक चांगली मर्क्युरी गाडी मिळविली. आता तरी बरोबरीच्या गाडीतून बरोबरीची झुंज देता येईल, अशी त्यांना आशा होती. मे महिन्यात अलाबामातील टॅलाडेगाच्या विशाल धावपट्टीवर शर्यत सुरू होऊन थोड्याच फेऱ्या झाल्या होत्या, तोच गाड्या एकमेकींवर आदळू लागल्या. वीसहून अधिक गाड्यांचा चुराडा झाला. स्कॉट यांच्या फासळ्या, कंबरेचे हाड आणि पाय मोडले. गाडी गेली, कर्ज मात्र राहिले. दुखण्यातून उठून त्यांनी आणखी एक शर्यत पुरी केली आणि मग ते डॅनव्हिलच्या आपल्या दुकानात परतले. सर्वोच्च श्रेणीत ते एकूण ४९५ वेळा धावले. त्यांपैकी १४७ वेळा ते पहिल्या दहांत आले.

१९७७ साली त्यांच्या जीवनावर एक चित्रपट निघाला, त्यामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने डॅनव्हिल येथेच त्यांचे निधन झाले. तेथील एका रस्त्यास आज त्यांचे नाव आहे. २०१५ साली नॅस्कारने आपल्या मानकऱ्यांच्या दालनात त्यांना स्थान दिले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बबा वॉलेस या कृष्णवर्णीय तरुणाने टॅलाडेगा येथे त्या श्रेणीतील शर्यत जिंकली. स्कॉट यांच्या नंतर असा विजेता होण्यास जवळजवळ अठ्ठावन्न वर्षे लागली.

त्याच वर्षीच्या २९ ऑगस्ट रोजी स्कॉट हयात असते, तर त्यांना शंभर वर्षे पुरी झाली असती. त्याच्या आदल्या दिवशी फ्लॉरिडातील डेटोना येथे भरलेल्या मैदानात, हजारो लोकांच्या देखत, जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक त्यांच्या कुटुंबीयांच्या हाती देण्यात आला. शाळेतून येऊन गाडीखाली शिरणारी ती मुले आता म्हातारी झाली होती. हा चषक नव्याने घडविलेला होता.